ग्रायंडर न मारलेले सांधे

माझ्या लहानपणी आमच्या घरात बटाटा भाजीत कमी आणि आप्पांच्या डोळ्यांवर जास्त जायचा. आप्पा म्हणजे माझे वडील. अक्कलकोट रोडला एका पत्र्याच्या शेडमध्ये ते खिडक्यांच्या जाळ्या आणि जिन्यांचे कठडे वेल्डिंग करायचे. तोंडासमोर धरायची काच तडकलेली होती आणि नवी घेणं सारखं पुढं जायचं. संध्याकाळी डोळ्यांची आग व्हायची, मग आई बटाट्याच्या चकत्या ठेवायची. ती स्वतः चादरीच्या कारखान्यात मागाच्या कांड्यांवर सूत भरून थकून आलेली असायची. शेडमागच्या एका खोलीत आम्ही पाच जण राहायचो. मी मेकॅनिकल इंजिनियर झाले तेव्हा दोन्हीकडच्या घराण्यांत कॉलेजची पायरी चढलेलं दुसरं कुणी नव्हतं. हे मी कुणी न विचारताही सांगते.

नोकरी लागल्यावर मी मोडीत निघालेली एक जुनी गाडी घेतली. तिची चासी, म्हणजे पोलादी सांगाडा, नव्यानं बांधून मला ड्रॅग रेसमध्ये उतरायचं होतं. पाव मैल सरळ रस्ता, दोन गाड्या, आधी पोचेल तो जिंकला.

आप्पा म्हणाले, "वळण न्हाय, मग अवघड काय हाय त्यात?"

"थांबणं अवघड आहे. आणि उलटली तर आत मी असणार."

"येवढं शिकलीस ते उलटायला व्हय गं?" आई आतून म्हणाली.

 आप्पा एवढंच बोलले, "काम दुसऱ्या कुणाला द्यायचं न्हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेडच्या कोपऱ्यातून पाण्याचे जाडजूड पाईप काढून ठेवले. "हत्ती हुबा कर ह्यावर. वाकला तर माझं नाव बदल."

"हत्ती उभा राहत नाही, आप्पा. गाडी आदळते." मी पाईपवरची उभी शिवण दाखवली. पट्टी गोल वळवून जोडलेली असते ती जागा. त्यात वरून जस्ताचा मुलामा, म्हणजे वेल्डिंगही धड धरत नाही. शर्यतीच्या नियमपुस्तकात चालकाभोवतीच्या पिंजऱ्याला बिनशिवणीची अखंड नळीच हवी होती. बाहेरून पंचेचाळीस मिलिमीटर, भिंत किमान अडीच मिलिमीटर. क्रोमोली या मिश्र पोलादाची नळी हलकी असते आणि मनातून मला तीच हवी होती. पण तिला वेगळं वेल्डिंग लागतं, आणि आप्पांचा हात साध्या पोलादावर बसलेला. मी साधं पोलाद घेतलं. गाडी थोडी जड झाली तर होऊ दे, सांधा खात्रीचा पाहिजे. नळी पुण्याहून मागवली, कारखान्याच्या तपासणी दाखल्यासकट.

आप्पांनी प्रत्येक नळीवर बोटाची टिचकी मारून आवाज ऐकला. "माल चांगला हाय," म्हणाले. दाखला वाचला नाही.

चार रविवार आम्ही दोघं राबलो. पाचव्या रविवारी मी शेडमध्ये आले तर पिंजरा लाल रंगात चकचकत उभा होता. मला खूश करायला आप्पांनी एकेक सांधा ग्रायंडरनं घासून सपाट केला होता, वर पुट्टी भरली होती. कुठं जोडलंय ते बोटालाही कळत नव्हतं.

मी विचारलं, "आप्पा, हे घासलं कशाला?"

"म्हंजे? सांधा दिसला की गिऱ्हाईक म्हणतं, वेल्डर कच्चा हाय. तीस वर्षं असंच करतोय की."

चूक माझीही होती. नळीची जाडी, सीटबेल्ट अडकवायच्या जागा, दाराचे आडवे दांडे, सगळं मी नकाशात मांडलं होतं. सांधे घासू नका, हे मात्र लिहायचं राहून गेलं. मला ते उघड वाटलं होतं. घासला की सांधा पातळ पडतो आणि धक्क्याला तिथंच तुटतो, असं मी आप्पांना सांगितलं.

"दाखव मला," आप्पा म्हणाले. आवाज चढलेला.

उरलेल्या तुकड्यांचे आम्ही दोन सांधे केले. एक घासला, एक तसाच फुगीर ठेवला. शेगड्याच्या लोखंडी जबड्यात धरून आप्पांनी स्वतः घण घातला. घासलेला सांधा तिसऱ्या घावाला तडकला. दुसऱ्याची नळी वाकली, सांधा हलला नाही.

आप्पांनी त्या तड्यावरून बोट फिरवलं. "आन् मी लोकांचे येवढे जिने केले की गं."

"जिना उलटत नाही, आप्पा."

ते हसले नाहीत. कापायचं चाक मशीनला चढवलं आणि म्हणाले, "नळी अजून माग. सगळं काप."

पुन्हा सहा रविवार गेले. या वेळी एकही सांधा घासला नाही. रंगही तपासणीनंतरच द्यायचा ठरला.

तपासणीच्या दिवशी आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले. संयोजकांच्या तपासनीसानं नळीला बारीक भोक पाडून जाडी मोजली, मग एकेका सांध्यावरून अंगठा फिरवला. शेवटी विचारलं, "वेल्डिंग कुणाचं?"

आप्पा मागं सरकले. त्यांना वाटलं, काहीतरी चुकलं.

"माझ्या वडलांचं," मी म्हणाले.

"घासलं नाही हे बरं केलं," तो म्हणाला आणि पिंजऱ्यावर शिक्का लावला.

आप्पांनी जोडलेली चासी पहिल्याच तपासणीत पास झाली, आणि त्या दुपारी मी तिच्यात बसून पाव मैल पूर्ण केला.