गार न लागणारं इंजिन

नोकरीत हाताखालून गेलेली बरीच प्रकरणं आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठल्या मारामारीतला कोयता कुठल्या दरोड्यात सापडला, असा घोळ होतो. सोलापूरचं ते इंजिनाचं प्रकरण मात्र जसंच्या तसं आठवतं आणि आठवलं की पुढची सगळी दुपार खराब जाते. गुन्हा म्हणाल तर किरकोळ. रक्त नाही, हत्यार नाही, फरार आरोपी नाही. त्यातली काही माणसं अजून हयात आहेत, म्हणून नाव कुणाचंच देत नाही.

माझ्या निवृत्तीला तेव्हा थोडाच काळ उरला होता. सकाळची हजेरी आटोपून मी खोलीत बसलो होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी आवाज चढला. बाहेर आलो तर सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ उभे होते. काळा चष्मा, हातात पांढरी काठी. शेजारी पत्नी आणि मागे त्यांचा चाळिशीतला मुलगा. वडील बोलत असताना मुलगा अंमलदाराला स्वतःच्या डोक्याकडे बोट फिरवून खुणा करत होता. बापाला दिसत नाही म्हणून त्याच्या पाठीमागे चाललेली ती खूण मला अजिबात आवडली नाही. मी तिघांनाही आत घेतलं.

"साहेब, माझं इंजिन बदललंय," गृहस्थ म्हणाले.

"गाडीचं?"

"रेल्वेचं. मॉडेल हाय, एवढं वीतभर. पण खेळणं म्हणू नका."

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्यांचा यंत्रमागाच्या सुट्या भागांचा व्यापार होता. त्या निमित्तानं ते जर्मनीला जात आणि प्रत्येक खेपेला तिथल्या जुन्या मालगाडीच्या वाफेच्या इंजिनाची एक प्रतिकृती घेऊन येत. प्रवासी गाड्यांची देखणी इंजिनं त्यांनी कधी घेतली नाहीत. कोळसा आणि लोखंड ओढणारी, मोठ्या चाकांच्या पाच जोड्यांवर चालणारी अवजड इंजिनं तेवढी जमवली. पुढं काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. तेव्हापासून रोज सकाळी ते कपाट उघडत आणि एकेक इंजिन हातात घेऊन चाचपत.

"त्यातलं जर्मन रेल्वेच्या चव्वेचाळीस वर्गाचं इंजिन माझं नव्हं. दुसरंच कुणीतरी ठेवलंय तितं."

"कशावरून?"

"आकार बरोबर. वजनबी बरोबर. पण सकाळी हातात घेतलं की गार लागत न्हाई. माझं ओतीव धातूचं होतं."

मुलानं मोठा श्वास सोडला. "सर, कपाटात सगळी इंजिनं आहेत. एकही कमी नाही. बाबांचं हे दोन महिने चाललंय. आम्हाला वाटतं, आता त्यांना एकटं ठेवणं बरोबर नाही."

मुलगा पुण्याला नोकरीत होता. तिथल्या एका वृद्धाश्रमात त्यानं आईवडिलांसाठी खोली बघून ठेवली होती. सोलापूरचं घर विकायचं ठरत आलं होतं. वडील तयार नव्हते आणि त्यांच्या डोक्यात बिघाड झालाय हे सिद्ध करायला मुलाच्या हाती हे इंजिन आयतं सापडलं होतं. मुलगा वाईट होता असं मी म्हणणार नाही. थकला होता. पण म्हातारा जेव्हा म्हणाला, "साहेब, तुमी बघा. खोटं निघालं तर मी उद्या ह्याच्याबरोबर पुण्याला जातो, परत तोंडातून शब्द काढणार न्हाई," तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा माणूस चोरी शोधायला आलेला नाही. आपण शहाणे आहोत की वेडे, याचा निकाल मागायला आला आहे.

अंमलदाराच्या मते साधी अदखलपात्र नोंद घेऊन त्यांना घरी लावून द्यायला हरकत नव्हती. मी हवालदाराला घेऊन त्यांच्या घरी गेलो.

रेल्वे लाइन्स भागातलं जुनं बैठं घर. हॉलमध्ये काचेचं कपाट, त्यात ओळीनं काळी इंजिनं. वरचं अंग काळं, खालची चौकट आणि चाकं लाल. गृहस्थांनी एक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, गालाला लावा. लावलं. गार होतं. मग चव्वेचाळीस वर्गाचं दिलं. ते खरंच तितकं गार नव्हतं. पण मुलगा म्हणाला, "सर, हे पहिल्यापासून प्लास्टिकचं नसेल कशावरून?" पावत्या कुठल्या कुठं गेलेल्या. फोटोत सगळी इंजिनं सारखीच दिसत होती.

"घरात येतं-जातं कोण?"

"धुणंभांडी करणारी बाई, ती हॉलमध्ये येत नाही. आणि मास्तर," मुलगा म्हणाला.

मास्तर म्हणजे गृहस्थांचे मित्र, भूगोलाचे निवृत्त शिक्षक; गृहस्थांना ते दादा म्हणत. अख्ख्या सोलापुरात हा छंद असलेला दुसरा माणूस तेवढाच. पगारात परवडतील तशी थोडी इंजिनं त्यांनीही जमवली होती, तीही या गृहस्थांनीच जर्मनीहून आणून दिलेली. डोळे गेल्यापासून मास्तर रोज दुपारी येत, कपाटातलं एखादं इंजिन बाहेर काढत आणि ते कसं दिसतं हे समोर बसून सांगत. कुठला पाइप कुठून वळला आहे, बाजूच्या पत्र्यावर ऊन कसं पडलं आहे, सगळं.

"मास्तरचं नाव घेऊ नका साहेब," गृहस्थ म्हणाले. "मला जे काय दिसतं ते त्याच्यामुळं दिसतं."

मुलगा मला बाहेर घेऊन गेला. "मास्तरांनाही विचारलं मी. ते म्हणाले, इंजिन तेच आहे. वयानं असं होतं, दादांना आता जपा म्हणाले."

तपासात सगळेच एका सुरात बोलायला लागले की मी थोडा सावध होतो. पण संशयावर गुन्हा उभा राहत नाही. मी निघायच्या बेतात होतो. पाणी मागितलं म्हणून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो, तर गृहस्थांच्या पत्नीनं, काकूंनी, तांब्या हातात देता देता खालच्या आवाजात विचारलं, "साहेब, ह्यांना खरंच येड लागलंय का हो?"

"तुम्हाला काय वाटतं?"

त्यांनी पदराचं टोक पिळलं. मग म्हणाल्या, "एक सांगते, पण ह्यांच्या म्होरं बोलू नका. आमच्यात खंडेनवमीला मागाला, तराजूला, शिवणमशिनीला, सगळ्याला कुंकू लावत्यात. ह्यांनी इंजनांना लावू दिलं न्हाई. रंग खराब होतोय म्हणं. आता सगळ्या घरातल्या लोखंडाची पूजा आन ह्या इंजनांनी काय घोडं मारलंय? मी दरसाल गुपचूप लावते. तेलात कुंकू कालवून काडी बुडवायची आन खाली चाकांच्या मधी टिपका द्यायचा. तितला रंग लालच की. कुणाला दिसतंय?"

"सगळ्या इंजिनांना?"

"एकबी सोडत न्हाई."

"मग हे आधी का नाही सांगितलं, काकू?"

"लई चिडतील हो. इतकी वर्सं फसवलं म्हणतील."

मी म्हणालो, काकू, आज तुम्ही बोलला नाहीत तर त्यांचं घर जाईल. त्यांनी डोळे पुसले आणि हॉलमध्ये येऊन नवऱ्यासमोर सगळं सांगितलं. गृहस्थांनी "पहिल्या इंजनापासनं?" एवढंच विचारलं. "व्हय," त्या म्हणाल्या. चिडले नाहीत. फक्त मान खाली घातली.

शेजारचे दोन पंच बोलावले. कापसाचा बोळा तेलात भिजवून प्रत्येक इंजिनाच्या पोटाखाली, चाकांच्या मधोमध फिरवला. कारखान्यातला रंग निघत नाही, तेलात माखलेलं कुंकू निघतं. प्रत्येक बोळा लाल होऊन आला. चव्वेचाळीस वर्गाच्या इंजिनाचा बोळा मात्र पांढराच राहिला. त्याचं वरचं अंग खोलून पाहिलं, तर आत शिशाचे तुकडे चिकटवलेले होते. आंधळ्या माणसाच्या हाताला वजन बरोबर लागावं म्हणून कुणीतरी फुरसतीनं बसून हे काम केलं होतं. मुलगा भिंतीला टेकून उभा राहिला. तो वडिलांकडे बघेना.

चोरीचा गुन्हा दाखल केला. आता मूळ इंजिन शोधायचं होतं. माझा हवालदार बाजारात फिरण्यात तरबेज. चोरीचा माल माणूस लपवतो, पण आवडीचा माल सजवतो, असं मी त्याला सांगितलं आणि काचेच्या पेट्या बनवणाऱ्यांकडे पाठवलं. दुसऱ्या दिवशी तो हसत आला. "साहेब, नव्या पेठेत एकानं सांगितलं. मध्यंतरी एका मास्तरनं रेल्वेच्या इंजनासाठी पेटी करून नेली. कुलूप लावून पायजे म्हणत होता. घरात एकटाच राहतोय म्हणं, मग कुलूप कशाला?"

मास्तरांना चौकशीला बोलावलं. नीटनेटका माणूस, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. चहा दिला. शिकलेला आरोपी सहसा आधी खोटं बोलत नाही, तो समजावून सांगायला लागतो. मास्तरांनीही मला या इंजिनांची सगळी जडणघडण समजावून सांगितली. आपल्याकडेही चव्वेचाळीस वर्गाचं इंजिन आहे, दादांनीच आणून दिलेलं, हे त्यांनी स्वतःहून कबूल केलं. ते धातूचं आहे, म्हणाले. इंजिनाच्या बाजूवर छापलेला क्रमांक वेगळा आहे, तुम्ही पाहू शकता, असंही म्हणाले. चोरीच्या मोटारसायकलचा नंबर बदलतात तसाच तो बदलला असणार, हे मी ओळखलं, पण बोललो नाही.

"मास्तर, खंडेनवमीला तुम्ही या इंजिनांची पूजा करता का?"

ते हसले. "साहेब, मी असलं काही मानत नाही. आणि मॉडेलला कुंकू? रंगाची वाट लागते. माझ्या इंजिनाला कुंकवाचा कणसुद्धा कधी लागलेला नाही."

हे वाक्य मी जबाबात जसंच्या तसं उतरवून घेतलं. वाचून दाखवलं, सही घेतली. मग पंचांसह त्यांच्या घरी गेलो. कुलूपबंद पेटीतलं इंजिन बाहेर काढलं, तेलाचा बोळा फिरवला. तो लालभडक झाला. मास्तर त्या बोळ्याकडे बघत राहिले. ते कुंकू कुठून आलं हे त्यांना तेव्हाही कळलं नव्हतं. मी सांगितलं तेव्हा खुर्चीत बसले.

"का केलंत?" मी विचारलं.

"मी त्यांच्याकडे मागितलं होतं. कितीदा मागितलं. माझ्याकडे प्लास्टिकचं, त्यांच्याकडे ते ओतीव धातूचं. त्यांना आता दिसत नाही, साहेब. मी सांगेन तेच त्यांना दिसतं. मग इंजिन माझ्याकडे असलं काय आणि त्यांच्याकडे असलं काय? मी रोज जाऊन सांगतच होतो की."

"खोट्या इंजिनाकडे बघून?"

"खरं मला तोंडपाठ होतं."

नोकरीत मी खुनी पाहिले, पण किळस फार थोड्यांची आली. हा माणूस दोन महिने रोज दुपारी चहा पीत त्या म्हाताऱ्याला नकली इंजिनाचं वर्णन ऐकवत होता. आणि म्हाताऱ्याला शंका आली, तेव्हा याच माणसानं मुलाच्या कानात सांगितलं की वडिलांच्या डोक्यावर परिणाम झालाय. इंजिनाच्या चोरीला कायद्यात कलम आहे. या दुसऱ्या चोरीला मला कुठलं कलम सापडलं नाही.

पुढचं कोर्टकचेरीचं सविस्तर सांगत नाही. मास्तरांना जामीन मिळाला. गृहस्थांनी नंतर तडजोडीला संमती दिली, वकिलामार्फत, एका शब्दानंही जास्त न बोलता. मुलानं पुण्याची खोली सोडून दिली आणि घर विकायचा विषय परत काढला नाही. कोर्टाच्या आदेशानं मुद्देमाल परत मिळाला, तेव्हा तो मी स्वतः पोहोचवायला गेलो. खरं तर शिपायाचं काम ते. पण मला त्यांचा चेहरा बघायचा होता.

गृहस्थांनी इंजिन दोन्ही हातांत घेतलं, गालाला लावलं. "हेच," म्हणाले. काकू दारात उभ्या होत्या, त्यांच्याकडे तोंड करून म्हणाले, "ह्या साली खंडेनवमीला मी आणून देतो एकेक. उजेडात लाव." मला बरं वाटलं. तक्रार खरी ठरली होती, घर वाचलं होतं, माणूस शहाणा ठरला होता. पोलिसाला याहून चांगला निकाल मिळत नाही.

मी उठायला लागलो तसे ते म्हणाले, "बसा की साहेब थोडं. ही दुपारची येळ लई लांबती." मग इंजिन माझ्यापुढं धरून म्हणाले, "कसं दिसतंय, सांगता का?"

मी इंजिन नीट पाहिलं. म्हणालो, "काळं आहे. खाली लाल चाकं आहेत."

"व्हय. आन?"

आपण कुणाला काय परत मिळवून देतो, याचा हिशोब पोलीस दप्तरात पंचनाम्यापाशी संपतो. आपल्या कामाची हद्द तेवढीच आहे, हे मी त्या खोलीत शिकलो. ते मान किंचित वाकडी करून पुढचं ऐकायची वाट बघत होते. मी पुन्हा इंजिनाकडे बघितलं, पण त्याहून जास्त मला काही सांगता आलं नाही.