पाणी वाचवणारे अण्णा

अण्णा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी आठवीच्या वर्गावर होतो. शिपाई दारात आला तसा मी खडू ठेवून बाहेर पडलो. या गोष्टीला आता दीड महिना झाला.

अण्णा म्हणजे माझे थोरले बंधू, औशातले भांड्यांचे व्यापारी. लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा "आता उस्मानाबादला खेटे न्हाईत!" म्हणत त्यांनी आख्ख्या पेठेत पेढे वाटले होते. जिल्ह्यामागोमाग दुष्काळ आला. दुकानात घागरींना गिऱ्हाईक वाढलं आणि घरी वहिनी टँकरच्या रांगेत उभ्या राहू लागल्या. आम्ही लिंगायत; आमच्या घरची रीत अशी, की गळ्यात इष्टलिंग असल्यामुळे लघवीला जाऊन आलं की हातपाय धुतल्याशिवाय कशाला शिवायचं नाही. अण्णांना तासातासाला उठावं लागे आणि दर खेपेला तांब्याभर पाणी जाई. बायकोनं डोक्यावरून आणलेलं पाणी असं मोरीत ओतायची त्यांना लाज वाटली असणार. त्यांनी पाणी पिणंच तोडलं. आम्हाला मात्र एवढंच दिसे, की अण्णा दिवसाकाठी दोन पेल्यांवर भागवतात. मी मूर्खानं शाळेत प्रार्थनेनंतर मुलांना सांगितलं, "संयम शिकावा तर आमच्या अण्णांकडून!"

वहिनींना शंका आली होती. "भावजी, ह्ये मोरीत गेले की लई वेळ येत न्हाईत. इचारलं की अंगावर येतेत." मी हसलो. साठी उलटल्यावर असं चालायचंच, म्हणालो. तरी एकदा अण्णांपाशी डॉक्टरचं नाव काढलं, तर ते उखडले. "थेंब थेंब तर व्हायलंय की! आन् तसलं परक्या माणसाला दाखवाया मी येडा हाय का?" माझीही सुटका झाली. खरं सांगायचं तर मलाही तो विषय नकोच होता.

एके दिवशी पोट फुगून ते दुकानातच कोसळले. लातूरच्या डॉक्टरांनी नळी घालून लघवी काढली आणि मला बाहेर बोलावलं. "गुरुजी, मूत्राशयाच्या तोंडाशी एक ग्रंथी असते. उतारवयात बहुतेक पुरुषांची ती वाढते आणि वाट दाबते. यांची कॅन्सरची नाही, साधीच वाढ आहे. थेंब थेंब होत होतं ते तुंबलेलं ओसंडत होतं. पाणी कमी पिऊन ती वाट मोकळी होत नसते. वर्षभर आधी आणलं असतं तर ऑपरेशन करून घरी धाडलं असतं." पण तोवर दोन्ही मूत्रपिंडं गेली होती.

अण्णांना मात्र नळीनं बरं वाटलं. माझा हात धरून म्हणाले, "महादू, आता मोकळं झालं बघ. पोटभर पाणी दे." अंगावर सूज चढत होती, पाणी मोजून द्यायचा हुकूम होता. मी चमच्यानं ओठ ओले केले. मग तांब्या उचलून त्यांच्या नजरेआड ठेवला. लाजेनं माणूस मरतो आणि आपण त्याचं कौतुक करत बसतो, याहून वाईट काय असतं मला ठाऊक नाही.

आणि एवढं सगळं कळून मी काय शिकलो? गेले चार महिने मीही मोरीत ताटकळतो. धार तुटते, पुन्हा जावं लागतं. हिला समोर बसवून सांगायचं दोनदा ठरवलं, जीभ उचलली नाही. हे ज्यात छापून येतंय ती वर्तमानपत्राची पुरवणी मात्र ही पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते.