अत्तर लावलेली डिजिटल सही

खसाच्या अत्तराचा वास आला, की आलमबागमधल्या अत्तराच्या पेढीवरची ती दुपार आठवते. मी तिथे मुनीम होतो. टेंडरच्या पाकिटाला अत्तराचं बोट लावूनच ते रवाना करायचं, ही मालकांच्या घराण्याची रीत. पण त्या वर्षी सरकारी अतिथीगृहांना गुलाबपाणी पुरवण्याचं टेंडर ऑनलाइन भरायचं होतं. पाकीटच गेलं, आणि मालकांची सही पेन ड्राइव्हसारख्या एका छोट्या टोकनमध्ये येऊन बसली. मुदत संपायला तासभर उरला होता. “बड़े बाबू, अब इत्र कहाँ लगाएँ?” मालकांनी केविलवाण्या आवाजात विचारलं. मी ऐटीत म्हणालो, “इसी पे लगा दीजिए, दस्तख़त तो इसी में है.” त्यांनी भावनेच्या भरात अर्धी कुपी ओतली. मग कॉम्प्युटर टोकन ओळखेचना, आणि टेंडर हातचं गेलं. टोकन विकणारा धावत आला, तर मालक त्याच्यावरच कडाडले, “माल ही घटिया दिया तुमने!” मी पंख्याकडे बघत गप्प बसलो. त्या बिचाऱ्याचं आमच्या पेढीवरचं काम कायमचं बंद झालं, आणि ते मला इतकी वर्षं आतून खात राहिलं. परवा शेवटी काठी टेकत त्याच्या दुकानात गेलो आणि हात जोडून सगळं खरं सांगून टाकलं. तो पोट धरून हसायला लागला. “अंकल, नाक तो हमारे भी थी! बुज़ुर्गों को क्या टोकते? बैठिए, चाय मँगाते हैं.”