योगराजच्या दुकानातली गर्दी

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात किस्से शोधायला जावं लागत नाही. गिऱ्हाईक मशीन टेबलावर ठेवतं आणि "मी काहीच केलो नाही!" म्हणतं, तिथूनच किस्सा सुरू होतो. दवनीवाड्यात पंधरा वर्षं हेच ऐकतोय. यंदाचे बहुतेक किस्से मात्र एकाच जुन्या व्हायरसचे आहेत, आणि सांगताना अजूनही पोटात दुखतं.

*

राइस मिलच्या मुनीमजींना मी हा व्हायरस समजावून सांगितला. तो एकटा राहत नाही, प्रोग्रामच्या फाइलला चिकटतो. प्रोग्राम नेहमीसारखाच चालतो, पण उघडला की आधी व्हायरस जागा होतो आणि शेजारच्या फाइली धरतो.

"म्हंजे तांदळातले सोंडे!" मुनीमजी म्हणाले. त्यांना इतक्या पटकन कळलं याचा मला फार आनंद झाला.

दोन दिवसांनी जाऊन पाहतो तर सीपीयू अंगणात धानाशेजारी वाळत घातलेला! "दोन दिवस ऊन दाखवून रायलो," ते म्हणाले.

*

मग बसस्टँडजवळ योगराजने दुकान थाटलं. मला लोक "ओ कॉम्प्युटरवाले" म्हणत, त्याला आठ दिवसांत "सर"! मी जळलो, खोटं कशाला बोलू? चहाला जाता-येता त्याच्या दारातल्या चपला मोजायचो.

एकदा त्यात ओळखीची चप्पल दिसली. माझा सख्खा साळा आत लॅपटॉप घेऊन बसला होता.

"भाऊजी, तुमाले कायले तरास द्याव म्हनलं!"

*

जवळच्या एका शाळेची लॅब दरवर्षी माझ्याकडे असे. दहा जुनी मशीन्स, पण गावात माझी जी काही पत होती ती या लॅबमुळे. तिथे तोच व्हायरस घुसला. मी अँटिव्हायरस चालवला. त्याने लागण झालेली प्रत्येक फाइल उडवली, म्हणजे जवळपास सगळेच प्रोग्राम!

"व्हायरस गेला?" हेडमास्तरांनी विचारलं.

"गेला, सर."

"मंग रायलं काय?"

मी स्क्रीनकडे पाहिलं. "घड्याळ."

*

सगळे प्रोग्राम माझ्या पेनड्राइव्हवरून पुन्हा टाकले. आठ दिवसांत व्हायरस परत! हेडमास्तरांनी योगराजला बोलावलं. त्याने जुन्या सीडीवरून प्रोग्राम टाकले. भरलेल्या सीडीवर पुन्हा काही लिहिता येत नाही, त्यामुळे व्हायरस तिच्यात शिरत नाही. लॅब ठणठणीत झाली आणि माझी झोप उडाली.

योगराजच व्हायरस सोडतो आणि तोच काढतो, अशी माझी खात्री पटली. मी यादीच केली: मिल, शाळा, फोटो स्टुडिओ, साळा. घरी बायकोपुढे धरली. "बघ मंगला, जिथं व्हायरस तिथं योगराज!"

तिने भाजी चिरता चिरता यादी वाचली. "थो त मागून गेला. पयले कोन गेलता?"

त्या दिवशी मी जेवलोच नाही. माझ्या मशीनवरचा अँटिव्हायरस मीच बंद केला होता, मशीन स्लो होते म्हणून! तिथूनच तो माझ्या पेनड्राइव्हवर बसून गावभर फिरला होता.

*

दुसऱ्याच दिवशी, पेनड्राइव्ह साफ करायच्या आतच, वर्षाचं काम कोणाला द्यायचं ते ठरवायला हेडमास्तरांनी दोघांनाही बोलावलं. योगराजने माझा पेनड्राइव्ह मागितला आणि लॅपटॉपला लावला. माझ्या पेनड्राइव्हमधल्या फाइली त्याच्या सीडीतल्या त्याच फाइलींपेक्षा जड निघाल्या, म्हणजे व्हायरस चिकटलेला. त्याला दिसलं, मलाही दिसलं. लॅब तर गेलीच, उद्या गावभर बोभाटाही होणार.

"सापडलं का, कुठून येऊन रायला थो?" हेडमास्तरांनी विचारलं.

"बाहेरून, सर," लॅपटॉप मिटत योगराज म्हणाला. "लॅब भाऊकडंच राहू द्या. जुना मानूस हाये."

आता चांगुलपणातही हाच पुढे! मी आणखी जळलो. बाहेर त्याला गाठलं, आणि आभार मानायचं सोडून तोंडून निघालं, "काऊन वाचवलं बे मले?"

त्याने गाडीला किक मारली.

"भाऊ, तुमी फिरनं बंद केलं, त माह्या दुकानात कोन येईल?"