मामांना उरलेला एक शब्द

बायकोचं नाव न घेण्यात आमच्या थोरल्या मामांचा हात धरणारा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात झाला नसेल. एरवी तोंडाला विसावा नाही. धाडजवळच्या त्यांच्या मळ्यात वांगी कमी आणि गप्पा जास्त पिकत. मोटेच्या बैलांशी बोलत, बाजारात गिऱ्हाइकाला भाजी द्यायचं विसरून त्याच्या सोयऱ्याधायऱ्यांची चौकशी करत. पण मामींना हाक? छे! भाकरी हवी असली तरी बैलाला सांगत, "राजा, सांग बे घरात, भूक लागली म्हणून." एकदा नावं लिहायला आलेल्या कारकुनानं बायकोचं नाव विचारलं, तर हे लाजून लाल, आणि बोट कुंपणावरच्या गोकर्णाच्या वेलाकडे. मामी कित्येक वर्षं सरकारदरबारी 'वेलाबाई' होत्या.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवंनवं होतं. मी धाडच्या शाळेत मास्तर, मुक्काम मामांकडे. एका सकाळी पाणी वळवता वळवता मामा वाफ्यातच बसले. अंगावरून वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय लुळा, वाचा बंद. मळा असा मुका झाला की मला तिथं बसवेना. आठव्या दिवशी मामांचे ओठ हलले आणि स्वच्छ हाक आली, "गोकर्णा!"

मग तेवढाच शब्द उरला. पाणी हवं, गोकर्णा. पाय दुखला, गोकर्णा. पाटलांना रामराम करायला गेले, तरी गोकर्णा! मामी पदरात तोंड लपवीत. "अवो, लोक आयकून राह्यले! मास्तर, ह्यायले दुसरा एखादा शब्द शिकवा ना. विहिरीवर जायची चोरी झाली मले."

मी शिकवू लागलो. दुपारी पाटाचं पाणी हळूहळू एकेक वाफा भरत जायचं, आणि मामा माझ्या खांद्यावर हात टाकून त्याच्याच चालीनं बांधावरून पाय ओढायचे. मी म्हणायचो, "बैल. भाकर. मिरची." ऊन पेंगत असायचं. एखादा शब्द त्यांच्या ओठांपर्यंत यायचा, थबकायचा, मागे फिरायचा. अशा दुपारी किती झाल्या कोण जाणे. आता ती एकच लांबलचक दुपार होती असं वाटतं. दिवाळीच्या सुमारास 'बैल' आला, मग 'मिरची', मग एक सणसणीत शिवी, आणि आम्ही आनंदानं रडलो.

मामी मात्र गप्प होत चालल्या. एकदा चुलीपाशी म्हणाल्या, "बरे होऊन राह्यले, देवाची कृपा. पण माहं नाव आता नाही निघत त्यायच्या तोंडातून. माय मेल्यापासून कोणी घेतलंच नव्हतं." मला फार वाईट वाटलं.

'पाणी' सगळ्यांत शेवटी आलं. मामी भरला तांब्या घेऊन खाटेपाशी उभ्या होत्या.

"पाणी," मामा म्हणाले. अगदी स्वच्छ.

मामी हलल्या नाहीत.

"पाणी दे ना."

"मले नाही आयकू आलं." मामींनी तांब्या छातीशी धरला.

मामांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मास्तर," ते अडखळत म्हणाले, "तू... जरा भायेर... जाय बरं." आजारानंतरचं त्यांचं ते सगळ्यांत लांब वाक्य.

मी बाहेर गेलो. मामी बऱ्याच वेळानं आल्या. डोळे पुसत होत्या, आणि हातातला तांब्या तसाच भरलेला होता.