नलूच्या अर्जातला एक रकाना

आमच्या वस्तीत अर्ज लिहायचा तो मीच. चोपन्न साली जनपद सभेच्या सरकारी शाळेत मास्तर झालो, तेव्हापासून तहसिलीतला अर्ज असो की कोर्टाची नोटीस, लोक माझ्याच ओट्यावर यायचे. भीमराज गुरुजींचं अक्षर वळणदार, असं सगळे म्हणत. त्या अक्षराचा मला भारी गर्व होता आणि नलूचं नुकसान त्याच अक्षरानं केलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी स्वतःला कितीही सावरून घेतलं तरी वाचणारा फसायचा नाही.

नलू ही तुळसामायची एकुलती एक पोर. घाटंजीपासून तीन कोसांवर आमचं गाव. बाप उकंडा ती लहान असतानाच पटकीनं गेला. तुळसामाय गावाची दाई होती. कुणब्याच्या घरी, तेल्याच्या घरी, अगदी पाटलाच्या घरीसुद्धा बाळंतपण तिच्याच हातानं व्हायचं. बाळंतिणीला विटाळ असतो, म्हणून तेवढे दिवस तुळसामायला पार आतल्या खोलीपर्यंत जाता यायचं. तिनं नाळ कापायची, वार पुरायची, बाळंतिणीची लुगडी धुवायची. बाराव्या दिवशी घर सारवून झालं की तीच तुळसामाय पुन्हा अंगणाबाहेर. मोबदला सूपभर ज्वारी आणि एखादं विटकं लुगडं.

छप्पनच्या उन्हाळ्यात नलू मराठी सातवी पास झाली आणि नागपूरला नर्स-दाईच्या दोन वर्षांच्या कोर्सला राखीव जागेवर लागली. त्यासाठी तहसीलदाराचा जातीचा दाखला लागला. तो मीच धावपळ करून आणला होता. त्याच वर्षी दसऱ्याला नागपुरात दीक्षा झाली. आम्ही गावातले एकोणीस जण मिळेल तसे, पायी आणि गाडीनं गेलो. बाकीच्या बायांनी पांढरी लुगडी मागून आणली होती; नलू दवाखान्याच्या पांढऱ्या लुगड्यातच मैदानावर आली. ती त्या दिवशी रडली. मीही रडलो. ते रडणं खरं होतं, त्यात काही खोट नव्हती.

गावी परतल्यावर आम्ही देव्हाऱ्यातले देव टोपलीत भरले आणि नदीच्या डोहात सोडले. मेलेलं ढोर ओढणं बंद केलं. तुळसामायनं नाळ कापणं बंद केलं. विठ्ठलराव पाटलाच्या घरून दोनदा बोलावणं आलं, ती गेली नाही. वस्तीनं तिचं कौतुक केलं. त्या वर्षी तिच्या घरात ज्वारी कमी पडली, त्याची चौकशी मात्र कोणी केली नाही, मीही नाही.

अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात नलू कोर्स पुरा करून आली. खेड्यापाड्यांत नर्सा मिळत नाहीत अशी पेपरात ओरड असायची, आणि जिल्ह्यात जागा भरायच्या निघाल्या त्या दोन. एक खुली, एक राखीव. नलू छापील अर्ज घेऊन माझ्या ओट्यावर बसली. मी दौत उघडली, नवीन निब लावली. नाव लिहिलं, वय लिहिलं, शिक्षण लिहिलं. मग जातीचा रकाना आला.

आता त्या रकान्यात बौद्ध लिहिलं तरी सवलत मिळते, म्हणून आजच्या पोरांना यातली गोम कळत नाही. तेव्हा मिळत नव्हती. महार लिहिलं तर राखीव जागा, बौद्ध लिहिलं तर काही नाही. नलूला ते ठाऊक होतं.

ती हळूच म्हणाली, "गुरुजी, राखीव जागा त्याच नावावर हाये म्हनतात. माह्याजवळ छप्पनचा दाखला हाये."

"दाखव," मी म्हणालो. तिनं पेटीतून जपून आणलेला कागद माझ्या हातात दिला.

"देव डोहात बुडवले न आपन? मग हे कायले ठिवलं?" असं म्हणून मी आत गेलो आणि तो कागद चुलीत घातला. माझी बायको जया भाकरी थापत होती, ती नुसती बघत राहिली. बाहेर येऊन मी त्या रकान्यात 'बौद्ध' असं लिहिलं. इतकं सुरेख अक्षर मी त्याआधी आणि त्यानंतर कधी काढलं नसेल. मी गुरुजी होतो, ती काय बोलणार?

मुलाखतीला मीच तिला यवतमाळला घेऊन गेलो. कचेरीच्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. नागपूर-अमरावतीच्या पोरी, कडेवर मूल घेतलेल्या विधवा, कोणाबरोबर भाऊ तर कोणाबरोबर वकील मामा. शिपायानं मोजल्या, त्रेसष्ट भरल्या. आम्ही आणलेली भाकर दुपारपर्यंत सोडलीच नाही, कारण खायला बसलो आणि नाव पुकारलं तर? तीन वाजता नलूचं नाव पुकारलं. मी खिडकीखाली जाऊन उभा राहिलो.

आत तीन साहेब होते. पहिल्यानं अर्ज वाचून विचारलं, "बौद्ध? म्हणजे आधी कोण?"

"आता बौद्ध," नलू म्हणाली.

"मग राखीव जागेत तुझा अर्ज बसत नाही. खुल्या यादीत घेतो."

खुल्या यादीत तिला कामाचं विचारलं. बाळ आडवं आलं तर काय करशील, बाळंतिणीला झटके आले तर काय करशील. तिनं सगळं बरोबर सांगितलं. दुसरा साहेब म्हणाला, "काम येतं तुला. पण खेड्यातला दवाखाना आहे. तुझ्या हातचं पाणी आणि औषध लोक घेतील का?"

म्हणजे कागदावर ती जात सुटली होती म्हणून राखीव जागा नाही, आणि माणसात सुटली नव्हती म्हणून खुली नाही. एकाच टेबलावर, पाच मिनिटांच्या अंतरानं.

नलू म्हणाली, "साहेब, त्यायच्या घरात माह्या मायच्या हातानं कापलेली नाळ चालते. मंग माह्या हातची गोळी कायले नाही चालत?"

पहिल्या साहेबानं अर्ज मिटून बाजूला ठेवला. मग साहेबांनी "कळवू" म्हटलं.

खुली जागा दुसऱ्या एका मुलीला मिळाली. तिचा मला राग नाही, तीही गरजूच असेल. राखीव जागेवर शेरा पडला की लायक उमेदवार मिळाला नाही. ती जागा रिकामी राहिली. हे कचेरीतल्या कारकुनानं मला पान खाता खाता सांगितलं.

आणि मी काय केलं? गावात येऊन नलूचं ते उत्तर घरोघरी सांगितलं. पोट्टीनं साहेबाचं तोंड बंद केलं, असं म्हणून मीच टाळी मागायचो. दर वेळी त्यात माझ्याही एखाद्या वाक्याची भर घालायचो. लोक वाहवा करत होते तेव्हा नलू विठ्ठलरावाच्या वावरात कापूस वेचत होती. उकळलेल्या कात्र्या आणि स्वच्छ कापूस दोन वर्षं हाताळलेले हात, आता बोंडांच्या टोकांनी रक्ताळलेले. दिग्रस, वणी, पुसद, जिथं कुठं जागेची वार्ता लागली तिथं तिनं अर्ज केले. ते तिनं स्वतः लिहिले. माझ्या ओट्यावर ती पुन्हा आली नाही.

एकोणसाठच्या पावसाळ्यानंतर ती राखीव जागा पुन्हा निघाली. या वेळी तुळसामायनं ठरवलं. नवा दाखला काढायचा. तहसिलीत सांगितलं, जुना हरवला असेल तर गावच्या पाटलाची सही आणा. जुना हरवला नव्हता, जळाला होता. पण ते तिनं तिथं सांगितलं नाही.

तुळसामाय विठ्ठलरावाच्या अंगणाबाहेर जाऊन उभी राहिली. हे मला पुढं तिनंच सांगितलं. पाटील पलंगावर बसून सुपारी कातरत होता.

"काहून तुळसे? तुमी तं लय मोठे झालते म्हने. आता पाटलाची सही कायले पायजे?"

"पोरीच्या नोकरीसाठी पायजे, मालक."

"म्हनजे लोकायले सांगाले बौद्ध, आन् नोकरीले महार?"

पाटलानं सुपारी तोंडात टाकली. "माही सून दिवसात हाये. मागच्या वख्ताले दोनदा बलावलं, तू आली नाही. आता ये. नाळ काप, सूप घेऊन जा, सही घेऊन जा."

ती गेली. पाटलाला नातू झाला. बारा दिवस तिनं त्या घरची बाळंतपणाची धुणी धुतली आणि बाराव्या दिवशी अंगणाबाहेर उभी राहून सूपभर ज्वारी आणि सही केलेला कागद पदरात घेतला. महिनाभरात नलूला नेमणुकीचा हुकूम आला. तालुक्याच्या दवाखान्यात नर्स-दाई. आमच्या साऱ्या टापूतली आमच्या समाजाची पहिली नर्स.

वस्तीनं पेढे वाटायला हवे होते. वस्तीनं सभा बोलावली, आणि ती मी बोलावली. दाखल्याची आणि सुपाची बातमी पसरली होती. मी उभा राहून बोललो, चांगला अर्धा तास बोललो. धम्म विकला म्हणालो. थुंकलेलं चाटलं म्हणालो. नलूशी आणि तुळसामायशी कोणी व्यवहार ठेवू नये, लग्नकार्यात बोलावू नये, असा ठराव मांडला. हात वर झाले. नलू मान खाली घालून बसली होती. तुळसामाय मात्र उठली.

"गुरुजी," ती म्हणाली, "तुमची नोकरी कोन्या सालची हाये?"

मी ठरावाचा कागद घडी घालू लागलो.

"चोपन्नची न? तवा कोन्ता दाखला लावलता?"

कोणता लावणार? तोच. तो माझ्या सर्व्हिस बुकात टाचलेला आहे, आजही आहे, आणि त्याच्यावर दर महिन्याच्या एक तारखेला माझा पगार होतो. तो मी चुलीत घातला नव्हता. मला माझी जात वेळेवर उपयोगी पडली आणि मग ती टाकून देणं सोपं गेलं. नलूची पाळी आली तेव्हा मी तिच्या हातातली काढून जाळली आणि वर उपदेश केला. सभेत हे सगळं मला लख्ख कळलं. तरी मी म्हणालो, "तवाची गोष्ट येगळी होती." ठराव कायम राहिला. माणूस किती हलकट होऊ शकतो ते मला दुसऱ्या कोणाकडून शिकावं लागलं नाही.

साठच्या चैत्रात जयाला कळा सुरू झाल्या. पहिलं बाळंतपण. दीड दिवस झाला, सुटका होईना. गावात आता दाई नव्हती. होती तिला मीच वाळीत टाकलं होतं. भर दुपारी जयाला बैलगाडीत निजवून तालुक्याला नेलं. डॉक्टर कुठं फिरतीवर गेले होते. दारात पांढऱ्या लुगड्यात नलू उभी होती.

तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. "आत घ्या," एवढंच म्हणाली. जयाच्या पोटावर हात ठेवून तिनं अंदाज घेतला, मला बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. मी कडुलिंबाखाली बसून राहिलो. आतून जयाचं ओरडणं आणि मधून मधून नलूचा आवाज येत होता, "आता जोर कर. बस, हो. अजून एक डाव." ऊन उतरता उतरता बाळ रडल्याचं ऐकू आलं. पायाळू होतं. आणखी तासभर गेला असता तर दोघंही गेली असती, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. नलूनं सांगितलं नाही.

हात धुऊन ती टेबलाशी बसली आणि जन्माचं रजिस्टर उघडलं. मला समोर उभं केलं, जसे सगळे बाप उभे राहतात.

"बापाचं नाव लिहिलं. गाव लिहिलं. मुलगा," ती म्हणाली. मग थांबली. "जात काय लिहू, गुरुजी?"

अठ्ठावन्नला एका सेकंदात उमटलेला शब्द आता मला उच्चारवेना. कारण हे पोर माझं होतं. त्याची फी, त्याची शाळा, त्याची नोकरी, सगळं त्या एका रकान्यातून माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. नलूनं टाक माझ्यापुढं धरला.

"तुमीच लिहा. तुमचं अक्षर चांगलं हाये."

मी टाक हातात घेतला. त्रेसष्ट पोरींचा तो व्हरांडा आठवला, चुलीत काळा पडत गेलेला कागद आठवला. निबेवरची शाई वाळून गेली तरी मी उभाच होतो.

"सध्या... कोरं राहू दे," मी म्हणालो.

नलूनं माझ्या हातातून टाक काढून घेतला, दौतीत बुडवला आणि रकान्यात 'बौद्ध' लिहिलं. तिचं अक्षर साधं, गोल, शाळकरी. वरून टिपकागद दाबला आणि रजिस्टर मिटलं.

"भेऊ नका, गुरुजी," ती म्हणाली. "याच्या नोकरीले अजून ईस वर्सं हायेत."