गोधडीचा उघडा कोपरा

ओतूरच्या पेठेत गोधडी शिवून घ्यायची तर जोहराबीकडंच, हे पार बेल्ह्यापर्यंतच्या बायांना ठाऊक. सव्वीस वर्षं हात चालतोय, टाका कधी वाकडा नाही. तिच्याच ओट्यावर कात्री धरायला शिकलेली संस्कृती शिवणवर्गाची बाई झाली. त्याच वर्गात दुसरी जागा निघाली, आणि जोहराबीचा अर्ज मात्र परत आला. का, तर दहावी पास नाही. आता बोला! बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून तिनं बाकीचे विषय काढले. गणित दोनदा राहिलं. तिसऱ्यांदा राहिलं तर नाद सोडायचा, असं तिनं ठरवलं होतं. पण जागा तिला हवी होती. लई हवी होती.

शेजारच्या निर्मलाबाई शाळेतून निवृत्त झालेल्या, गणिताच्याच. ‘एक्सचा वर्ग अधिक सहा एक्स’ याचा पूर्ण वर्ग करायला शिकवून त्यांचा घसा बसला. शेवटी त्यांनी वही मिटली आणि चिंध्यांचं गाठोडं ओढलं.

“हा चौकोन, बाजू एक्स. हे कापड लांबीला एक्स, रुंदीला सहा वीत. हे लावून मोठा चौकोन कर.”

जोहराबीनं कापड मधोमध फाडलं. तीन-तीन वितींच्या दोन पट्ट्या झाल्या, एक उजवीकडं, एक खाली. कोपरा उघडा राहिला. तिनं गुपचूप खालची पट्टी काढली आणि गाठोड्यातली लांब पट्टी लावली.

“ही कुठनं आली?”

“खालची पट्टी आमी लांबच घेतो, बाई. कोपरा उघडा कोन ठेवतंय?”

“दिलंय तेवढंच कापड. भोक राहू दे.”

जोहराबीला रागच आला. सव्वीस वर्षांत तिच्या गोधडीला भोक राहिलं नव्हतं, आणि ही शिकलेली बाई मुद्दाम ठेवायला सांगत होती. पण भोक समोर दिसल्यावर तिनं सवयीनं वीत टाकली.

“तीन बाय तीन. नवाचं ठिगळ.”

“आणि समीकरणात बरोबरच्या चिन्हापलीकडं?”

“तिकडंबी नऊच. न्हाईतर भांडणं व्हतील.”

निर्मलाबाईंनी त्या दिवशी स्वतःहून चहा टाकला.

परीक्षेत आलं एक्सचा वर्ग अधिक आठ एक्स बरोबर वीस. जोहराबीनं ओढणीचा पदर बाकावर पसरून घड्या घातल्या. पर्यवेक्षक धावत आले.

“काय लिहिलंय त्यावर?”

“काय न्हाई साहेब. चौकोन हाय.”

त्यांनी ओढणी उलटसुलट पाहिली आणि ज्या घड्या होत्या त्याच परत घालून दिल्या. चार बाय चार, सोळाचं ठिगळ. दोन्हीकडं सोळा. एक्स अधिक चारचा वर्ग छत्तीस. उत्तरं दोन निघाली, दोन आणि वजा दहा. वजा दहाकडं तिनं बराच वेळ पाहिलं आणि ते नीट खोडून टाकलं.

“अगं, तेही उत्तरच होतं!” घरी आल्यावर ते ऐकून निर्मलाबाई ओरडल्या.

“वजा दहा वितींचं कापड कुठल्या दुकानात मिळतं, बाई?”

निकालापर्यंत दोघींनी गणिताचं नाव काढलं नाही. तेवढ्या दिवसांत जोहराबीनं एकच गोधडी तीनदा उसवून शिवली. हा तिचा धीर.

निकाल लागला. गणितात पस्तीस. एक कमी नाही, एक जास्त नाही. जोहराबी निर्मलाबाईंच्या गळ्यात पडून रडली, आणि बाई तिच्या पाठीवर थोपटत म्हणाल्या, “वजा दहा ठेवलं असतंस तर छत्तीस झाले असते.”

वर्गातली जागा अजून रिकामीच होती. यंदा अर्ज परत आला नाही.

शिवणवर्गाच्या पहिल्या दिवशी ती दारात चपला काढत होती. समोर मशीनवर बसलेली संस्कृती ताडकन उठली. तिच्यामागं वीस पोरी उठल्या.

“या बाई,” संस्कृती म्हणाली.

जोहराबी घाईघाईनं बाजूला सरकली आणि कोण बाई आल्या ते बघायला मागं वळली. मागं मोकळा जिना होता.